भासऱ्यांना प्रदर्शनात मिळालेलं काम

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. आसगावच्या शाळेत चौथी झाली आणि पाटी सुटली. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर माफ करावं. पण एक गोष्ट मी न अडखळता लिहू शकते: मदत करायची एवढी हौस आणि मदत जमण्याची एवढी बोंब एकाच माणसात सानगडीच्या पंचक्रोशीत कुठं असेल, तर ती आमच्या भासऱ्यांत होती. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नाही आणि त्यांनी तिच्याशी नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून चहा हवा असला की ते दाराला सांगत, "दरवाज्या, आसगाववालीले सांग, चाय मांड." चहा झाला की मी कप उंबऱ्यावर ठेवून ताटली वाजवायची. आठ वर्षं आमचं बोलणं एवढंच.

त्यांचे पाय गेलेले होते. दोन वर्षं लागोपाठ धान बुडालं तेव्हा मजुरीत लाखोरीच मिळायची. ही डाळ आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, फेकतात, पाणी नसलं तरी ती येते. घरात तांदूळ होता तो त्यांनी धाकट्यांना ठेवला आणि स्वतः चार महिने लाखोरीची डाळ आणि लाखोरीचीच भाकर खाल्ली. एका सकाळी उठले तर गुडघे सरळ होईनात, टाचा टेकेनात, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकू लागले. ठरलेलं लग्न मोडलं. लोक म्हणाले, करणी आहे. भासरे कित्येक वर्षं करणी करणाऱ्याचा शोध घेत राहिले, संशय गावातल्या एका तेलीबुवावर. मग पंचाहत्तर सालानंतर कधीतरी गावच्या हायस्कूलात नवे सायन्सचे सर आले आणि त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं की हे त्या डाळीचं काम आहे. त्या दिवशी भासरे दोन काठ्यांवर घरी आले ते हसतच. "कोनाचंच काही नव्हतं बे," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "फुकट त्या तेलीबुवाले शिव्या घातल्या."

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, शाळेच्या विज्ञानाच्या कामात आपल्याला कुठंतरी जागा मिळावी. सरांनी पाच बेडूक आणायला सांगितले, तर यांनी पोतंभर आणले आणि पोत्याचं तोंड हेडमास्तरांच्या खोलीत सुटलं. कापायच्या वेळी उरलेला एक बेडूकही यांनी दया येऊन खिडकीबाहेर सोडला. पोरांनी ज्वालामुखी केला तेव्हा यांना राखणीला बसवलं. ज्वालामुखी पेटला आणि यांनी घागरभर पाणी ओतून तो विझवला. तपासायला आलेले साहेब अजून चष्माच पुसत होते. मग ग्रहमाला ठरली. "सूर्य जागचा हालत नाही ना? मंग ते काम मले जमन," म्हणून हे मैदानात मधोमध उभे राहिले. नऊ पोरं भोवती फिरू लागली तशी यांना भोवळ आली आणि सूर्य धपकन खाली बसला. सर भले माणूस, पण शेवटी तेही म्हणाले, "काका, यंदा प्रदर्शनाले तुम्ही फक्त पाहायले या."

यंदा जागा नाही म्हणजे कधीच नाही, हे भासऱ्यांना कळलं. दोन दिवस काठ्या कोपऱ्यात पडून होत्या.

तिसऱ्या दिवशी काठ्या टेकत शाळेत गेले. नववीच्या पोरी लाखोरीचा तक्ता करत होत्या आणि त्यांना वाकडे पाय काढता येत नव्हते. भासरे म्हणाले, "चित्र कायले काढून राहिल्या पोरीहो? हे पाय फुकटात हायेत." आणि घरी येऊन दाराला फर्मान सोडलं, "आसगाववालीले सांग, उद्या शाळेत येऊन डाळ शिजवाची हाय. पोरींचं बाया ऐकनार नाही."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात भासरे बाकावर, धोतर मांडीपर्यंत खोचून, भिंतीला टेकून उभे. खाली स्टोव्हजवळ मी, कपाळापर्यंत पदर. पाहायला आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. "पाहा वं, भासरा मांडी दाखवून राहिला न् सून डाळ!" मी पदर आणखी खाली ओढला. तेव्हा वरून आवाज आला, दाराला नाही, मला. "बोल ना वं माय. काहून चूप हायेस? तुले येते ते या सायबाईले येत नाही."

मी बोलले. पाणी उकळा, डाळ भिजवा, पाणी फेका, पुन्हा तसंच करा. एक म्हातारी म्हणाली, "पानी फेकलं का सवाद बी गेला." मी म्हटलं, "सवाद जाऊ द्या आजी, पाय राह्यतीन." भासरे वर इतके खूश झाले की बाक हलला.

दुपारी एक बाई आठ-दहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. पोरगी चवड्यांवर चालत होती. "होळीपासून टाच टेकवत नाही," बाई म्हणाली. भासऱ्यांनी पोरीला चार पावलं चालायला लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "जेवढं गेलं तेवढं वापस येत नाही माय. पन वाढनार नाही. लाखोरी बंद कर."

"करतो जी बंद," बाई म्हणाली. "मंग खाऊ काय? मालक मजुरी लाखोरीचीच देते."

सरांनी तक्त्याकडे पाहिलं. कारणं होती, लक्षणं होती, उपाय होते. मजुरीचा रकाना नव्हता. भासऱ्यांनी धोतर खाली सोडलं आणि भिंतीला धरून बाकावरून उतरले.

पहिला नंबर विजेच्या घंटीला मिळाला, आम्हाला दुसरा. पण भासरे त्यानंतर कधी प्रदर्शनाला गेले नाहीत. दर बाजाराच्या दिवशी पायलीभर तांदूळ पिशवीत घालून, दोन काठ्यांवर, ते त्या बाईच्या घरी जात आणि बदल्यात तिची लाखोरी घेऊन येत. ती मी दोनदा पाणी फेकून शिजवायची आणि एकटे भासरेच ती खायचे. "मायं काय बिघडवन ते आता?" म्हणायचे. घरचा तांदूळ आटला, पेज पातळ झाली, आणि मी चुलीपुढं कुरकुर केली. पातळ भिंत होती, त्यांनी ऐकलं असणार. पिशवी मात्र थांबली नाही, ते गेले त्या उन्हाळ्यापर्यंत.

त्या पोरीची टाच पुढं कधी टेकली नाही, पण तिला काठीही लागली नाही. परवा बाजारात दिसली, चवड्यांवर चालत, कडेवर लेकरू. हाक मारावीशी वाटली. तिला माझी कुरकुर सांगून टाकावी असं मनात आलं. पण ती पावलं पटपट उचलत पुढं गेली आणि मी भाजीवालीपुढं नुसतीच उभी राहिले.