फौजदाराचा कौल

नाताळच्या सुटीत कोंबडा घेऊन सासुरवाडीस जाऊ नये.

हा नियम कोणत्याही क्रमिक पुस्तकात आढळत नाही, म्हणून येथे नमूद करीत आहे. मात्र मी तो मोडला याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. चूक नियमाची होती, माझी नव्हती!

त्या काळी मी महाडास मराठी शाळेत शिक्षक होतो. आमच्या घरी माझी पत्नी, आमची सहा वर्षांची कन्या चिमी आणि फौजदार अशी माणसे होती. (फौजदार हा कोंबडा होता; परंतु त्याला वगळून माणसे मोजलेली चिमीस खपत नसे.) तो अंड्यातून बाहेर येतो न येतो तोच त्याच्या आईस मुंगसाने नेले होते. तेव्हापासून त्याचे पालनपोषण चिमीने केले आणि त्यासाठी माझी जुनी टोपी वापरली. पुढे त्याला तांबडा तुरा फुटला, चालण्यात ऐट आली आणि अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्याची तो चौकशी करू लागला, तेव्हा त्याला हे नाव पडले. पोस्टमन आमचे टपाल कुंपणावरूनच फेकी.

सुटी लागली. आम्हांस पोलादपुराकडे, उमरठच्या अलीकडील वाडीवर, माझ्या सासऱ्यांकडे जायचे होते. प्रश्न होता फौजदाराचा. शेजारी म्हणाले, "खुशाल जा, मास्तर. आम्ही आहोत ना!" पण हे बोलताना त्यांची नजर फौजदाराच्या तंगडीवर होती.

"बाबा, फौजदाराला काही होणार नाही ना?" चिमीने विचारले.

"मी शब्द देतो," मी म्हणालो. "तो आपल्याबरोबर येईल आणि आपल्याबरोबर परत येईल."

मास्तराने मुलाला दिलेला शब्द म्हणजे फळ्यावरचे अक्षर नव्हे, की पुसून दुसरे लिहिले! तेव्हा मी पद्धतशीर तयारीस लागलो. पाळीव प्राण्यास थंडीच्या दिवसांत प्रवासास नेताना डालग्यात गोणपाट अंथरावे, वरून सैल फडके बांधावे, नेहमीचे दाणे बरोबर घ्यावेत आणि निघण्यापूर्वी त्याचे पोट हलके ठेवावे. ही सर्व पथ्ये मी पाळली. (शेवटचे पथ्य कृपया ध्यानात ठेवावे. त्यावर पुढे एक जीव अवलंबून आहे.) माझा एकुलता गळपट्टादेखील मी डालग्याभोवती गुंडाळला. मोटारीत मी कुडकुडत होतो आणि फौजदार उबेत बसून प्रत्येक वळणावर आरवत होता.

वाडीवर पोचलो. सासूबाईंनी पायांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या हातातले डालगे स्वतःच्या हातात घेतले.

"आगो बाय! येवढा मोठा आनलात?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "आमच्याकडं कोंबडं नाय काय? जावय असून जेवनाचं सामान वांगडा घेऊन आलं, बगा!"

आता मला चूक उमगली. त्या मुलखात पाहुणा दारात कोंबडा घेऊन उभा राहिला, तर त्याचा अर्थ एकच होतो. गूळपाणी होण्यापूर्वीच सासऱ्यांनी फडके सोडून फौजदाराची छाती चाचपली. माझे मेव्हणे दगडूराव मुंबईच्या गिरणीतून सुटीवर आले होते. ते हातातली विडी टाकून पुढे झाले.

"फस्क्लास माल!" ते म्हणाले. "मास्तर, हाटेलात असा पीस मिळत नाय. आये, वाटन घाल!"

"थांबा!" मी म्हणालो. "हा पाळलेला कोंबडा आहे."

"मंग?" सासरे म्हणाले. "आमी काय रानातलं खातो? सगळी पाळलेलीच असतात."

"तसे नव्हे, मामा. याला नाव आहे. हा फौजदार!"

"मंग तर कापायलाच होवा!" दगडूराव म्हणाले. (मुंबईत त्यांचा एका फौजदाराशी पूर्वी काही संबंध आला असावा.)

आत पाट्यावर खोबरे वाटले जात असल्याचा आवाज येऊ लागला. खरे सांगायचे तर सासूबाईंच्या हातचा रस्सा आणि तांदळाची भाकरी हे माझे सुटीचे निम्मे प्रयोजन असे. परंतु चिमी माझ्या धोतराचा सोगा धरून उभी होती. ती रडत नव्हती. ती फक्त माझ्याकडे पाहत होती, आणि ते अधिक वाईट होते.

मी छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "या कोंबड्याला कोणी हात लावायचा नाही. हा देवीचा आहे!"

पाट्याचा आवाज थांबला. दगडूराव मागे सरले. सासऱ्यांनी तेथल्या तेथे हात जोडले.

"कंच्या देवीचा?"

"इथल्याच," मी म्हणालो. "वाघजाईचा."

एका वाक्यात मी संकट निवारले होते. चिमीकडे पाहून मी डोळे मिचकावले आणि गूळपाण्याकडे वळलो. तेवढ्यात सासऱ्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

"मी उगाच म्हनत व्हतो, शिकल्याली मान्सं देव मानत नाय म्हनून! आवो, उद्याच वाघजाईची राखन हाय! पयला कोंबडा तुमचा!"

राखण म्हणजे गावाचे रक्षण करणाऱ्या देवीला वर्षातून एकदा द्यायचा नैवेद्य. भात घरात आले की प्रत्येक घर आपापला कोंबडा घेऊन तिच्या राईत जाते. जे कोंबडे जातात, ते चालत परत येत नाहीत. म्हणजे मी फौजदाराला चुलीवरून उचलून थेट सुरीखाली नेऊन ठेवला होता!

"अहो, आता काय करायचे?" पत्नीने मला माजघरात गाठले. "सांगून टाका ना, खोटे बोललो म्हणून."

"मी खोटे बोललो नाही. देवी सर्वांची आहे, त्याअर्थी सर्व देवीचे आहे."

"मग पहाटेच उठून जाऊ या महाडला."

"चोरासारखा? मुळीच नाही! मी उद्या सर्वांसमोर प्रतिवाद करीन."

"कोणापुढे? कोयता घेतलेल्या माणसापुढे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राईत गेलो. दाट झाडांच्या मध्ये, उघड्यावर, शेंदूर फासलेली देवीची शिळा होती. दरी धुक्याने भरली होती. भोवती सारी वाडी जमली होती आणि प्रत्येकाच्या काखेत कोंबडा होता. फौजदार चिमीच्या काखेत होता. त्या दिवशी मी त्याला दाणे दिले नव्हते. (परतीचा प्रवास घडो, या आशेने पोट हलके ठेवण्याचे पथ्य मी तेव्हाही मोडले नाही.)

गुरव म्हातारा आणि हसतमुख होता. त्याने हात पुढे केला. "आना, मास्तर. पयला मान तुमचा."

"देणार नाही!" मी म्हणालो.

गुरवाने पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

"आवो, कबूल केलाव ना देवीला?"

"केला. हा देवीचा आहे असे मी म्हणालो. पण तो कापावा असे मी म्हणालो काय? ही राई कोणाची?"

"देवीची."

"मग हिचे झाड तुम्ही तोडता?"

"हात तुटंल तोडनाराचा!"

"बरोबर. देवीचे झाड तोडायचे नाही आणि देवीचा कोंबडा मात्र कापायचा, हा न्याय कोणता? सांगा!" आवाज वर्गात लावतो तसाच लागला होता. पुढच्या ओळीतील दोघा-तिघांनी हाताची घडी घातली.

कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, "खरं हाय गो, झाडाला आपुन हात लावत नाय." कोणी म्हणे, "झाडाचा रस्सा व्हतो काय?" सासरे खाली मान घालून उभे होते. अखेर गुरव म्हणाला, "आपुन कशाला भांडायचा? तिलाच इचारू. कौल लावू."

येथे मला थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. शिळेच्या दोन्ही खांद्यांवर ओला तांदूळ चिकटवायचा आणि उजवा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार, याला कौल म्हणतात. आणि यात देवीचा काही संबंध नसून तांदूळ वाळला की पडतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवीत असे! दगडूरावांशी तर या विषयावर माझा कडाक्याचा वाद झालेला होता. पण त्या घटकेला मी शास्त्रीय दृष्टीने शिळा निरखली. देवी उत्तरेस तोंड करून होती. म्हणजे तिचा उजवा खांदा पूर्वेस आला. सकाळचे ऊन प्रथम उजवीकडे लागणार आणि उजवा दाणा आधी वाळणार!

"मान्य!" मी गर्जलो. "पण प्रश्न नीट विचारा. कोंबडा जिवंत राहावा काय? असा!"

"अच्छा!" दगडूराव म्हणाले. "म्हंजे मास्तर कौल मानतात?"

"मी प्रयोग मानतो," मी म्हणालो.

गुरवाने दाणे चिकटवले, गाऱ्हाणे घातले आणि आम्ही उन्हाची वाट पाहू लागलो. ऊन येईना. धुके हटेना. पूर्व दिशा कोणती, हे केवळ भूगोलामुळे कळत होते. दोन्ही दाणे सरकारी हुकुमासारखे जागच्या जागी चिकटून राहिले. कोणी खोकले. कोणी विडी शिलगावली. सासूबाई म्हणाल्या, "वाटन आंबंल गो!" आणि मग डावा दाणा किंचित सरकला.

"डावा! डावा हालला!" ओरड झाली. गुरवाचा हात कोयत्याकडे गेला. चिमीने फौजदाराला घट्ट आवळले. आणि ज्याला कोणीही, कधीही असे आवळू नये, त्या फौजदाराने एकदम पंख फडफडवले, तिच्या हातातून सुटला आणि उडी मारून थेट देवीच्या खांद्यावर जाऊन बसला! उजव्या खांद्यावर. समोर ओला, पांढरा, टपोरा तांदूळ होता. आणि फौजदार आदल्या दिवसापासून उपाशी होता.

टक्!

उजवा दाणा गेला. मग त्याने मान लांबवून डावाही खाल्ला, तुरा हलवला आणि सबंध गावाची हजेरी घेतल्यासारखा आरवला.

"उजवा आधी!" मी ओरडलो. "उजवा कौल! झाला निर्णय!"

"आवो, पडला कुठं? खाल्ला!" दगडूराव किंचाळले.

"कोणता दाणा आधी सुटला, एवढाच कौलाचा प्रश्न असतो. तो कसा सुटला, हे देवीला विचारणारे आपण कोण?"

"पन मास्तर, तुमीच बोलला व्हता, कौल समदा खोटा असतो!"

"इतर कौल खोटे असतात," मी म्हणालो. "हा खरा होता!"

(विज्ञानावरील माझी निष्ठा त्या दिवशी किंचित वाकली असेल, पण मोडली नाही. दाणा खाली का जातो, याचे एक शास्त्रीय कारण माझ्या शिकवण्यात राहून गेले होते, ते म्हणजे चोच. पुढील वर्षापासून मी तेही शिकवू लागलो.)

सर्वांनी गुरवाकडे पाहिले. गुरव फौजदाराकडे पाहत होता. फौजदार देवीच्या खांद्यावर शेंदराने पाय माखून ऐटीत उभा होता.

"आजपावत हितं कोन कोंबडा आपल्या पायांनी आला नाय," गुरव सावकाश म्हणाला. "ह्यो तिच्या खांद्यावर बसला, तिच्या अंगावरचा दाना खाल्ला, आन तिनं बसू दिला. लेकराला आय अशीच बसू देते. आना रे नारळ!"

फौजदाराच्या जागी नारळ फुटला. चिमी धावत गेली आणि तिने त्याला उतरवून पोटाशी धरले, या खेपेस हलक्या हाताने. मी सभोवार अशी नजर फिरवली, जशी गड सर करणारे फिरवीत असावेत. दिलेला शब्द मी पाळला होता, तोही पळून न जाता!

नंतर राईतच पंगत बसली. इतर घरांच्या कोंबड्यांचा रस्सा मोठमोठ्या टोपांतून वाफाळत आला. तो वास मी येथे वर्णन करीत नाही. कारण माझ्याने ते होणार नाही. वाढपी माझ्यापर्यंत आला, पळी बुडाली, वर आली, आणि सासरे उठून उभे राहिले.

"थांब रे!" ते अभिमानाने म्हणाले. "जावयांना वाढू नको! ज्या मान्सानं सबंद गावासमोर भांडून कोंबड्याचा जीव वाचवला, त्यो कोंबडं खाईल काय? गळ्यात तुळशीची माळ नाय घातली येवढाच! त्यांना वालाचं बिरडं आना!"

मी तोंड उघडले. शेजारी चिमी बसली होती. ती माझ्याकडे पाहत होती. या वेळी अशा कौतुकाच्या नजरेने की मी तोंड पुन्हा मिटले.

पुढे फौजदार पुष्कळ जगला. दर नाताळात तो आमच्याबरोबर वाडीवर जाई. देवीचा लेक आला म्हणून सासूबाई त्याच्या पायांवर पाणी घालीत आणि सुपात तांदूळ ठेवीत. मग घरच्यांची रस्सा-भाकरीची पंगत बसे. मी आजही ठामपणे सांगतो की त्या दिवशी मी अगदी बरोबर वागलो, आणि पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा तसाच वागेन. फक्त त्या वेळी ओरडून सांगेन की वाचवला तो एकच कोंबडा. बाकीचे मला चालतात! पण आता त्याचा उपयोग नाही. फौजदार जाऊनही बरीच वर्षे झाली, आणि सासुरवाडीस माझ्या पानात अजून वालच पडत आहेत.