जल्माचं दुखणं

मागून नाड्या बांधायचा हिरवा गाऊन. त्यातली एक नाडी तुटलेली. डाव्या हातानं पाठीमागं गाऊन आवळून धरला होता आणि मी दवाखान्यातल्या इन्शुरन्सच्या काउंटरपुढं उभी होते. पित्ताच्या पिशवीत खडे झालेले. ऑपरेशन त्याच दिवशी होतं, म्हणून सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. वॉर्डातून खाली बोलावलं तेव्हा म्हटलं, साडी गुंडाळून येते. तर सिस्टर म्हणाली, "तशाच जा, सही करायची असेल."

काउंटरवरचा माणूस माझ्याकडं बघत नव्हता, कॉम्प्युटरकडं बघत होता. बोलत मात्र एवढ्या मोठ्यानं होता की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं.

"मावशी, तुमचं कॅशलेस रिजेक्ट झालंय. आजार लपवून पॉलिसी घेतलीय तुम्ही."

"काय लपवलं मी?"

"पोटाचं दुखणं. जन्मापासून आहे ना तुम्हाला? मग पॉलिसी घेताना 'नाही' कसं सांगितलं?"

"कोन म्हनलं जन्मापासनं?"

"तुम्हीच. डॉक्टरांनी लिहून घेतलंय." त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. सगळं इंग्रजी. "याला लबाडी म्हणतात, मावशी."

बाकावरच्या एका बाईनं मांडीवरची पर्स जवळ ओढून घेतली. मी बघितलं ते.

माझ्याशेजारी वहिनी उभ्या होत्या. उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी मी बरीच वर्षं स्वयंपाक करते. ही पॉलिसी त्यांच्याच यजमानांनी, म्हणजे साहेबांनी मला काढून दिली होती. त्यांचा धंदाच तो. वहिनींनी साहेबांना फोन लावला आणि काउंटरवर दिला. त्या माणसाचे हात टाइप करण्यात गुंतलेले, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"अहो, काय सांगू तुम्हाला," साहेबांचा आवाज आला. "ही माणसं आधी खरं सांगत नाहीत आणि मग आपल्याला खाली मान घालायला लावतात. तुम्ही नियमानं काय ते करा."

ही माणसं. 'चहात साखर कमी टाक गं' असं रोज सकाळी मला सांगणारा तोच आवाज. मी ऐकतेय हे साहेबांना माहीत नसेल. वहिनींना होतं. त्या स्वतःच्या चपलांकडं बघत राहिल्या.

आता ही पॉलिसी माझ्या गळ्यात कशी पडली ते सांगते.

माझा नवरा चितेगावच्या एका कंपनीत माल चढवतो-उतरवतो. ठेकेदाराचा माणूस, त्यामुळं कंपनीचं दवाखान्याचं कार्ड त्याला नाही. आम्ही छावणीत भाड्यानं राहतो. घरात कुणी आजारी पडलं की मेडिकलवाल्याला विचारून गोळी आणायची, हा आमचा विमा. साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. मीच पोळ्या लाटता लाटता सांगितलेलं.

त्या घरात मी खाली बसते. बस म्हणून कुणी सांगितलं नाही, पण कामं उरकली की ओट्याला टेकून, फरशीवर बसून चहा प्यायचा, हे ठरून गेलेलं. पॉलिसीच्या दिवशी मात्र साहेबांनी डायनिंग टेबलाची खुर्ची स्वतः मागं ओढली. "बस गं. तू काय परकी आहेस का? घरातलीच आहेस."

मी बसले. अर्ध्या खुर्चीवर, अंग चोरून. साहेबांनी विचारलं, शुगर? नाय. बीपी? नाय. आधी काही ऑपरेशन, काही मोठं दुखणं? नाय. खरंच काही नव्हतं. मी विचारलं, "उद्या गरज पडली तर मला काय करावं लागंल?"

"तुला काहीच करायचं नाही. मी आहे ना."

घरी जाऊन नवऱ्याला आधी खुर्चीचं सांगितलं, पॉलिसीचं नंतर. एवढी हरखले होते मी. आज आठवलं की अंगाची लाही होते.

हप्ता माझ्या पगारातून जायचा. चुकला कधीच नाही. चुकणार कसा, पैसे माझ्या हातात यायच्या आधीच वळते व्हायचे. पॉलिसीला तिसरं वर्ष लागलं आणि संक्रांत झाल्यावर माझ्या पोटात कळ यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा. जेवलं की कळ. उजव्या बरगडीखालून पाठीत जायची. सोनोग्राफीत खडे निघाले. साहेब म्हणाले, "घाबरतेस काय? कर ऑपरेशन. पॉलिसी कशासाठी असते?" भरती व्हायच्या दिवशी वहिनी स्वतः सोबत आल्या. मला लई आधार वाटला. सख्खी बहीण आली नसती असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर आला. घाईत होता. "कधीपासून दुखतंय?"

मी म्हटलं, "काय सांगू डॉक्टर, जल्माचं दुखनं झालंय बगा हे. सुखानं भाकर खायची सोय ऱ्हाईली नाय."

वहिनी हसल्या. डॉक्टरही हसला. हसत हसत त्यानं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेला.

बस, एवढंच झालं होतं. आमच्याकडं सारखी सतावणाऱ्या कुठल्याही गोष्टीला जल्माचं दुखणं म्हणतात. नवी चप्पल चावत असली तरी म्हणतात. शेजारी मोठ्यानं टीव्ही लावत असला तरी म्हणतात. तो वैताग असतो, तारीख नसते. डॉक्टरनं कागदावर तारीख करून टाकली. जन्मापासून.

काउंटरवर मी हेच सांगायला लागले. "ती बोलायची पद्धत हाय, दादा. दुखनं आत्ताचंच हाय."

"कंपनीला पद्धत कळत नाही. लिहिलेलं कळतं."

मी वहिनींकडं वळले. "वहिनी, तुमी व्हता ना तिथं. तुमी हसला पन. सांगा की ह्यांना."

वहिनींनी पदर सारखा केला. "मला काही नीट आठवत नाही गं."

गाऊन धरलेला हात सुटला माझा. पाठ उघडी पडली असेल. पडू दे, म्हटलं. जे उघडं पडायचं ते पडलंच होतं.

पैसे भरा नाहीतर बेड सोडा, असं काउंटरवाल्यानं सांगितलं. पैसे कुठले भरणार? वर गेले, साडी नेसले. सिस्टरनं हातातली सलाईनची सुई काढून कापूस दाबला. वहिनी म्हणाल्या, "मला भिशीला जायचंय, तू रिक्षानं जा हं." मी पोट धरून रिक्षात बसले. खडे पोटात तसेच.

आठवडा सरला नाही तोच कामावर गेले. न जाऊन सांगते कुणाला? मनात म्हटलं, दवाखान्यात वहिनी गडबडल्या असतील. घरात शांतपणे बोलू. मी अजून त्यांच्या बाजूनंच विचार करत होते.

त्यांच्या ओट्यावरचा नळ गळतो. दिवाळीत नवा बसवला, तेव्हापासून टपटप चालूच. मी पोळ्या लाटत होते आणि वहिनी दारात उभ्या राहून प्लंबरशी फोनवर बोलत होत्या.

"अहो, येताय कधी? वैताग आणलाय ह्या नळानं. जन्माचं दुखणं झालंय नुसतं!"

माझं लाटणं थांबलं. वहिनींच्या लक्षात काहीच आलं नाही. एवढं सहज बोलून गेल्या त्या.

तेवढ्यात साहेब आत आले. हातात एक कागद. डायनिंगची खुर्ची मागं ओढली. "ये, बस. एक सही हवी आहे."

खुर्ची दिसली आणि मला सगळं लख्ख कळलं. ह्या घरात खुर्ची माझ्यासाठी नाही, माझ्या सहीसाठी आहे.

मी उभीच राहिले. "काय लिवलंय ह्याच्यात?"

"काही नाही गं. जुनं दुखणं सांगायचं तुझ्याकडून राहून गेलं, एवढंच. प्रकरण मिटेल. भरलेल्या हप्त्यांतलं काहीतरी ओळखीनं परत मिळवून देतो."

"म्हंजी मी खोटं बोलले, असं लिवून द्यायचं?"

"तसं नसतं ते. टेक्निकल असतं. तू सही कर, मी आहे ना."

फॉर्म साहेबांनी भरला होता. दुखणं जुनं असं कंपनीनं धरलेलं. लपवलं मी नाही असं ठरलं, तर मग फॉर्मात 'नाही' लिहिलं कुणी, असं ती उद्या साहेबांनाच विचारणार. मी लबाड ठरले की ते मोकळे. एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

"वहिनी, हा नळ कवा बसवला?"

"दिवाळीत. का गं?"

"आत्ता फोनवर त्याला काय म्हनला तुमी?"

वहिनी लालबुंद झाल्या. साहेब चिडले. "नळाचा इथं काय संबंध?"

"दिवाळीतला नळ तुमच्या जन्माचं दुखनं. ते तुमचं बोलनं. अन् मी बोलले तर लबाडी व्हय?"

नळ तेवढा गळत होता.

"मी तुझ्यासाठी दवाखान्यात आले," वहिनी म्हणाल्या, "त्याचे हे पांग फेडतेस?"

"आला व्हता, म्हनून तर तुमाला ठाव हाय मी काय बोलले अन् कशी बोलले. तेवढंच लिवून द्या. दुसरं काय नको मला."

वहिनींनी साहेबांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यांच्या धंद्याचा प्रश्न आहे. मी नाही लिहून देणार."

त्या घरात मला कुणी सरळ सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

साहेब म्हणाले, "सही करायची नसेल तर उद्यापासून यायची गरज नाही."

मी गॅस बंद केला. त्याच नळाखाली हात धुतले. मळलेली कणीक परातीत तशीच सोडली आणि चपला घातल्या. मान खाली घालून गेले नाही.

नवरा घरी म्हणाला, "मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घ्यायचं? करून टाकायची सही." मी म्हटलं, "आज मी लबाड. उद्या तू आजारी पडलास, पोरगी पडली, तवाबी हेच म्हनतील. चालंल तुला?" तो उठून बाहेर गेला. त्याच्या उठून जाण्याचाही मला राग आला, पण त्याच्यावर तो काढून उपयोग नव्हता.

मी सातवी शिकलेली आहे. विमा कंपनीला तक्रार माझ्या हातानं लिहिली, मराठीत. कुणीतरी म्हणालं, इंग्रजीत लिहून घे, वजन पडतं. नको. एकदा माझं बोलणं दुसऱ्यानं लिहिलं, त्याचं काय झालं ते भोगतेय. कंपनीनं ऐकलं नाही तर विमा लोकपालाकडं जायचं असतं, हेही विचारून ठेवलंय. त्या तरुण डॉक्टरला गाठलं, लिहिलेलं सुधारून द्या म्हटलं. "मोठ्या सरांना विचारतो, उद्या या," म्हणाला. उद्या गेले. परत उद्या म्हणाला. परत जाणार आहे.

खडे पोटात आहेत. सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय, तारीख मिळालेली नाही. कळ आली की भिंतीला टेकून बसते. कळ ओसरली की उठते आणि दुसऱ्या घरच्या पोळ्यांना जाते. सही मी केलेली नाही, करणार नाही. ऑपरेशन कुठंही होवो, पैसे मिळोत न मिळोत, मी लबाड नाही हे त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय मी हटणार नाही. त्या काउंटरवर जाणार, कंपनीच्या दारात जाणार, साहेबांच्या ऑफिसात लोकांपुढं उभी राहणार. आणि कुणी त्यांना विचारलं की ही बाई कधीपासून तुमच्या मागं लागलीय, तर त्यांनी खुशाल लिहावं.

जन्मापासून.