शेजारी ठेवलेली टोपी
खळ घातलेल्या कपड्याचा वास आला की मला वडिलांची पांढरी टोपी आठवते. स्वराज्य यायच्या आदल्या वर्षीची निवडणूक होती. वडील कराडजवळच्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. स्वराज्यवाल्यांना मत द्यायला ते तीच टोपी घालून गेले. रांगेतला एक शेतकरी म्हणाला, “मास्तर, तुमी तर सायबाच्या धर्माचं. तुमी कशाला हितं?” वडील म्हणाले, “धर्म येशूचा हाय गड्या, सायबाचा न्हाई.” रविवारी चर्चमध्ये तर आपल्याच माणसांनी त्यांचा सलाम घेतला नाही. ‘मिशनचं खाऊन सरकारवर उलटला,’ अशी कुजबुज चालली होती. सतरंजीवर त्यांच्या आजूबाजूला कुणी बसेना. मी नेहमी त्यांच्या मांडीला टेकून बसायची, पण त्या दिवशी गुपचूप बायकांच्या बाजूला आईपाशी जाऊन बसले. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि माझी जागा धरून ठेवावी तशी शेजारी ठेवली. उपासना संपेपर्यंत ती तिथंच होती, माझ्यापासून चार पावलांवर. आता दर मतदानाला मी तास तास रांगेत उभी राहते. ती चार पावलं मात्र तेव्हा मला टाकता आली नाहीत.