संकासुर आणि समुद्र

व्याख्यान आवडलं की तात्या टाळ्या वाजवत नसत. वक्ता खाली बसायच्या आत त्यांचा उजवा हात वर गेलेला असे. बसण्याची जागाही ठरलेली: शेवटची रांग, दाराजवळ, चपलांच्या ढिगाला लागून. तिथून उभे राहून ते नमस्कार करत आणि अगदी सावकाश विचारत, "तुम्हाला हे कसं कळलं?" उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न यायचा, "आणि तुमचं चुकलं, तर ते आम्हाला कसं कळेल?" पहिल्या प्रश्नाला बहुतेक वक्ते उत्साहाने उत्तर देत. दुसऱ्याला पाण्याचा पेला उचलत.

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत त्यांना पाठीमागे संकासुर म्हणत. दशावतारात काळे कपडे घालून येणारा आणि सूत्रधाराला उलटसुलट विचारून भंडावून सोडणारा तो असुर. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं मालवणकडची, त्यामुळे हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तात्यांच्याही ते कानावर होतं. एकदा मला म्हणाले, "संकासुर नसलो तर दशावतार बघूक कोण येतलो गो, शैला?"

मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि मंडळाच्या व्याख्यानमालेचं काम माझ्याकडे होतं. वक्ते ठरवणं, त्यांना आणणं, चहा देणं, आणि तात्यांच्या प्रश्नांनंतर त्यांची समजूत घालून टॅक्सीत बसवणं. एक कीर्तनकार तर पुन्हा येणार नाही म्हणून सांगून गेले. कार्यकारिणीत ठराव आला की प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. तात्यांनी तो मान्य केला आणि पुढच्याच व्याख्यानाला दोन प्रश्नांच्या दोन चिठ्ठ्या आधीच लिहून आणल्या.

हा स्वभाव त्यांचा जन्माचा नव्हता. गिरणी संपाच्या आधीचे तात्या वेगळे होते, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, सांगायच्या. गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मोठा आवाज, भजनात पुढे, सभेत टाळ्यांना पुढे. संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. मंडळाच्या हॉलमध्ये अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक बोलायला आले होते, ते मलाही आठवतात. पांढरा झब्बा, घुमणारा आवाज, हातात आकड्यांचे कागद. गिरण्या बंद ठेवणं मालकांना परवडणारच नाही, पावसाळ्याच्या आत ते वाटाघाटीला येतील, असं त्यांनी इतक्या खात्रीने सांगितलं की माणसं रडली. तात्या त्या रात्री हॉलमधून नाचतच घरी आले होते म्हणे.

त्यांच्या शेजारच्या खोलीत दाजी राहायचे. तात्यांच्याच गावचे, त्यांच्याच खात्यातले, बोलायला कमी. दाजींना त्याच सुमारास भिवंडीच्या यंत्रमागावर काम मिळत होतं. त्यांनी पिशवी भरली होती. तात्यांनी त्यांना गॅलरीत अडवलं आणि प्राध्यापकांचं सगळं भाषण आकड्यांसकट ऐकवलं. दाजी थांबले. पुढे पावसाळा आला आणि गेला, दुसराही गेला. भिवंडीतली जागा भरली, गिरणीतली गेली. दाजींनी मग शिवडीच्या गोदामांत पाठीवर ओझी वाहिली. त्यांनी तात्यांना कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तात्यांना तेच सोसलं नाही. काकींनी खानावळ काढली, तात्या दुपारपर्यंत तिथे भाजी चिरत आणि संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात बसत. तिथेच त्यांचे ते दोन प्रश्न तयार झाले असावेत.

पृथ्वी तापते आहे, समुद्र वाढतो आहे, हे वर्तमानपत्रांतून येऊ लागलं तेव्हा तात्यांनी ते आधी सरळ उडवून लावलं. त्यांच्या संशयाला कारण होतं. गिरण्या मोडीत निघत असताना शहराच्या मधोमध धुराडी हवीतच कशाला, असंही काही शहाणी माणसं लिहीत होती. धुराडी पडली आणि त्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले. आता किनाऱ्यावरचे लोक बुडणार म्हणतायत, म्हणजे उद्या शिवडी रिकामी करायची असेल, असं तात्यांचं गणित. "गिरणीच्यो चिमण्यो इझल्यो, मगे उकाडो कसो वाढलो?" हा प्रश्न त्यांनी वाचनालयात इतक्या लोकांना विचारला की शेजारच्या गल्लीतही तो ऐकू येऊ लागला.

शिवाय त्यांच्याकडे स्वतःचा पुरावा होता. दर रविवारी ते चालत शिवडीच्या बंदरावर जात. चिखलात गुलाबी पक्षी उतरलेले असत, त्यांच्याकडे तात्यांचं लक्ष नसे. तिथल्या एका जुन्या दगडी भिंतीवर शेवाळाची रेघ होती. गिरणीत लागल्यापासून ती ते पाहत होते आणि रेघ होती तिथेच होती. सव्वीस जुलैच्या पुरानंतर जो तो हवामानावर बोलू लागला, तेव्हा तात्या लोकांना ती भिंत दाखवायला घेऊन जायचे. मीही गेले होते. रेघ खरंच तिथेच दिसत होती.

मला मात्र चैन पडेना. शाळेत मुलं विचारायची की बाई, खरं काय, आणि मला ठामपणे सांगता येत नसे. म्हणून त्या हिवाळ्यात मी व्याख्यानमालेत एकाच संध्याकाळी दोन वक्ते बोलावले. एक होते निवृत्त इंजिनिअर. त्यांनी मोठमोठे पूल बांधले होते आणि टीव्हीवरच्या चर्चेत ते नेहमी दिसत. हे सगळं थोतांड आहे, असं त्यांचं मत. दुसऱ्या होत्या समुद्राच्या पातळीचा अभ्यास करणाऱ्या एक संशोधक बाई. त्या कुलाब्याहून बसने आल्या, घसा बसलेला, आणि त्यांची चित्रं दाखवायचं यंत्र आमच्या हॉलमध्ये चालूच झालं नाही.

इंजिनिअरसाहेबांनी हॉल जिंकला. वेधशाळेला उद्याचा पाऊस सांगता येत नाही आणि ही मंडळी पन्नास वर्षांनंतरचं सांगतात, असं ते म्हणाले तेव्हा हशाने हॉल दणाणला. पृथ्वी आधीही तापली होती, निवलीही होती, माणसाची काय बिशाद. तात्या खूश होऊन मान डोलावत होते. बाईंचं बोलणं त्यामानाने अडखळतच झालं. आषाढात अमुक दिवशी पाऊस पडेल का हे सांगता येणार नाही, पण आषाढात मार्गशीर्षापेक्षा जास्त पडेल हे कुणीही सांगेल, आमचं सांगणं त्या दुसऱ्या जातीचं आहे, एवढं एक वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं. बाकीचं मागच्या रांगांपर्यंत पोचलंच नाही.

मग तात्यांचा हात वर गेला. आधी त्यांनी इंजिनिअरसाहेबांना विचारलं. हे कसं कळलं? साहेब म्हणाले, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तात्यांनी विचारलं, कशाचा? पुलांचा. हवामानाचं काही स्वतः मोजलंय का? मोजायची गरज नाही, साध्या बुद्धीला कळतं. आणि चुकलं तर? साहेब हसले आणि म्हणाले, "काका, माझं चुकत नाही." हॉल पुन्हा हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला, आणि का कोण जाणे, मला वाटलं त्यांना तो आवाज कुठे तरी ऐकल्यासारखा वाटतो आहे.

बाईंना त्यांनी भिंतीबद्दल विचारलं. बाईंनी भिंत नेमकी कुठे आहे ते आधी समजून घेतलं, मग म्हणाल्या, तुम्ही बघताय ते खोटं नाही, पण शिवडीला भरती-ओहोटीत पाणी दोन पुरुष उंचीइतकं वर-खाली होतं आणि वर्षाची वाढ म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. ती एका भिंतीवर एका माणसाला दिसायची नाही. त्यासाठी बंदरात मोजणी लागते, रोजची, पिढ्यान्‌पिढ्यांची. ती इथे आहे, आणि जगात इतरत्रही आहे. चिमण्यांचं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हाला दिसायचा तो धूर. तापवणारा वायू दिसत नाही, तो एका गावाचा नसतो आणि एकदा वर गेला की लवकर उतरत नाही.

"तर मग मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही?" तात्या म्हणाले.

"ठेवा की. पण एकट्या डोळ्यांवर नको. मीही माझ्या एकटीच्या ठेवत नाही."

मग तो दुसरा प्रश्न आला. पाण्याच्या पेल्याकडे बाईंनी पाहिलंही नाही. बंदरांतल्या मोजण्या पुढची बरीच वर्षं वाढ दाखवायच्या थांबल्या, बर्फ वितळायचं थांबलं, तर आमचं चुकलं असं समजा, त्या म्हणाल्या. आणि आमच्या धंद्यात दुसऱ्याची चूक काढणाऱ्याचं नाव होतं, त्यामुळे माझी चूक शोधणारे माझ्या शेजारच्याच टेबलावर बसलेले आहेत. तात्यांनी शेवटचं विचारलं, काळाचौकीत पाणी कधी येणार?

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तारीख सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून जरा सांभाळून राहा."

टाळ्या साहेबांनाच जास्त पडल्या. तात्या खाली बसले. पण पुढच्या आठवड्यात ते मला म्हणाले की त्या बाईंकडे जायचं आहे. आम्ही दोघं कुलाब्याला गेलो. नंतर ते एकटेच जात राहिले, खानावळीतून बाईंसाठी डबा घेऊन. मोजण्यांच्या आलेखात काही वर्षं पाणी खाली गेलेलं दिसलं तेव्हा त्यांनी मोठ्या आशेने बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, ती वर्षं तशीच आहेत, आता त्यांच्या मागची आणि पुढची बघा. तात्यांनी बघितली. मधले खळगे धरूनही आलेख वरच चढत होता, असं नंतर त्यांनीच मला सांगितलं.

पुढच्या व्याख्यानाआधी ते पहिल्यांदाच पुढे आले आणि माइक मागितला. समुद्राबद्दल मी तुम्हाला इतके दिवस जे सांगत होतो ते चूक होतं, असं त्यांनी सांगितलं, आणि मत का बदललं तेही सांगितलं. भाषण लांबलं, मध्येच घसरलं, पण त्यांनी ते पुरं केलं. हॉलमध्ये कुजबूज झाली. कुणी म्हणालं, बाईंनी संकासुराला गुंडाळला. तिसऱ्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "मग तात्या, संपातपण तुमचं चुकलंच होतं की."

तात्यांचा चेहरा उतरला. दाजी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. "होय," तात्या म्हणाले. "तेव्हा मी विचारलं नव्हतं काही. नुसता आवाज ऐकला होता."

कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या लावत होते. दाजी तात्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या विषयावर ते पहिल्यांदाच बोलले. "तू एकटो नाय फसलंस," ते म्हणाले. "मी पण हॉलात होतंय. माका पण तो आवाज आवाडलो होतो." तात्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि दोघं मिळून खुर्च्या उचलायला लागले.

चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा तात्या आणि काकी गावी परतायचं म्हणू लागले. गावी त्यांच्या दोन जागा होत्या. एक खाडीच्या काठाला, माडांत, विहीर दारात. दुसरी वर कातळावर, रखरखीत, चढाची. मुलाने खालच्या जागेवर घराचा नकाशा काढून आणला होता. तात्यांनी वरची जागा धरली. घरात महिनाभर वाद झाला. काकींचे गुडघे दुखत, पाणी लांब, आणि खाडी जिथे होती तिथेच होती. मी त्यांना विचारलं, एवढी खात्री आहे का? ते म्हणाले, "नाय. माका ह्या कळूचा नाय. नातवाक कळतला." दाजींचीही गावात तशीच वर आणि खाली जागा होती. त्यांनी तात्यांना विचारलं, मी कुठे बांधू? तात्यांनी सांगायचं साफ नाकारलं. कुलाब्याच्या बाईंचा नंबर दिला आणि म्हणाले, तूच विचार, आणि पटलं नाही तर खाली बांध. दाजींनी फोन केला. बाईंनी त्यांनाही आधी काय माहीत नाही तेच सांगितलं.

तात्या त्या घरात दोनच पावसाळे राहिले. ते गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून मला वर्षश्राद्धालाच जाता आलं. एसटीच्या थांब्यावर काकी आणि दाजी घ्यायला आले होते. चढ सुरू झाला तशी काकींची तक्रारही सुरू झाली. ह्यांच्या नादाने म्हातारपणी डोंगर चढायची वेळ आली, खाली बघ कसा गारवा आहे. मी मागे वळून पाहिलं. माडांच्या मधून खाडी शांत पसरली होती, काठावर कुणाची तरी जाळी सुकत होती. बुडण्याचं कसलंही चिन्ह नव्हतं.

मी दाजींना विचारलं, तुम्ही वर बांधलंत त्याचा कधी पस्तावा होतो का? दम लागला तसे ते थांबले.

"खाली बांधून चुकला असता, तर घर गेला असता," ते म्हणाले. "वर बांधून चुकला, तर नुसतो चढ."

आणि त्यांनी काकींच्या हातातली बाजाराची पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले.