भागाकाराचं हँडल

आमच्या तापीकाठच्या गावात पहिलं गणितयंत्र मीच आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे हात टेकले तेही मीच. साठीच्या दशकातली गोष्ट. आजच्या कॉम्प्युटरचा तो लोखंडी पूर्वज. त्याला वीज लागत नसे, दंड लागत.

मी पाणी मंडळीचा चिटणीस. नदीवर सगळ्यांचं मिळून एक ऑइल इंजिन आणि त्यावर प्रत्येकाची पाण्याची पाळी. त्या उन्हाळ्यात नवं रान पाण्याखाली आलं, म्हणून पाळ्यांचे तास नव्याने वाटायचे ठरले. वाटणी होईस्तोवर इंजिन बंद. हाताने केली असती तर चहा निवायच्या आत झाली असती. पण मी तालुक्याहून यंत्र उसनं आणलेलं ना!

रेताड पट्टीतल्या वहिनींची केळी नुकती निसवली होती, घड बाहेर पडू लागले होते. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने लावलेली ती पहिलीच बाग. त्या इंजिनघराच्या दारात ताटकळत उभ्या.

"भाऊ, पानं करपी ऱ्हायनात. मन्ही पाळी कधी?"

"घंटी वाजली की लगेच, वहिनी!"

भागाकाराची रीत मला शिकवली होती. हँडल उलटं फिरवत राहायचं, दर फेऱ्याला एक वजाबाकी होते. वजा करण्याजोगं काही उरलं नाही की यंत्र घंटी देतं. मी फिरवत राहिलो. घंटी वाजेना. सदरा भिजला. आमच्या मिस्त्रींचा जन्म इंजिनाचं हँडल मारण्यात गेलेला, ते कळवळून म्हणाले, "साहब, पहले डीझल तो देख लो."

"मोठा भागाकार आहे," मी धापा टाकत म्हटलं.

वहिनींच्या शेजारच्या मळ्यातले काकाही तिथेच बसलेले; जुन्या क्रमाने पहिली पाळी त्यांची. त्यांची केळीही तहानलेलीच. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि धोतर सावरत उठले.

"मिस्त्री, चालू करा. मन्ही पाळी आज वहिनीले. या भाऊले बसू द्या घंटी वाजाडत."

इंजिन धडधडलं आणि सगळे पाटाकडे पळाले. एकटा उरल्यावर मी यंत्राकडे नीट पाहिलं. ज्याने भागायचं तो आकडा मांडायचाच राहिला होता! आकडे मांडायच्या सगळ्या कड्या शून्यावर. इतका वेळ मी शून्य वजा करत होतो, आणि यंत्र बिचारं कल्पांतापर्यंत कंटाळलं नसतं.

हा शोध सांगायला मी मळ्यात धावलो. तिथे पाट फुटला होता, आणि वहिनी गुडघाभर चिखलात.

"वहिनी, शून्य होतं! शून्य!"

त्यांनी वर न बघता फावडं पुढे केलं. "व्हई भाऊ, शून्य. आठे माती टाक पहिले."

टाकली. हँडल मारून दंड इतके भरून आले होते की निम्मी माझ्याच पायावर पडली. पण भगदाड बुजलं, पाणी वळलं, आणि हळूहळू बागेच्या शेवटच्या खोडाशी जाऊन थांबलं.