मोटर थांबत नव्हती

मैत्रिणींनो, सावद्याच्या आमच्या केळीबागेत ठिबकची मोटर आपोआप चालू-बंद करणारं सर्किट यांनी जोडलं होतं. प्रोग्राम लिहायच्या आत ते गेले. मग पुस्तकं वाचून मी 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि तो लिहिला.

आज पहिली चाचणी होती. मोटर मिनिटभराने थांबायला हवी होती, पण ती थांबेचना.

दीर हसले. "वहिनी, काढून टाका दादाचं हे खेळणं. बटण दाबायला गडी ठेवू."

"हात लावू नका, भाऊजी."

दुपारी चूक सापडली. मिनिटाचे साठ हजार मिलिसेकंद मी 'इंट' या लहान आकड्यांच्या प्रकारात ठेवले होते. या चिपच्या इंटमध्ये एवढा मोठा आकडा मावत नाही. तिथे मोठ्या आकड्यांसाठीचं 'लाँग' लिहिलं आणि मोटर वेळेवर थांबली.

यांना दाखवता आलं नाही. भाऊजींना मात्र तीनदा दाखवलं.

तुम्हाला कुणी 'काढून टाका' म्हटलं, तर तुम्ही काय करता?