जहाजवाल्याने दिलेलं सोनं

झेंडूच्या हाराला डिझेलचा वास लागला की मला उरणचं ते यार्ड आठवतं. आमच्या गावचा एक जण फॉरवर्डर होता. व्यापाऱ्यांचा माल घ्यायचा आणि जहाज कंपनीकडून जागा मिळवून परदेशी पाठवायचा. माझे ट्रेलर त्याच्याच कामावर होते. दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की तो यार्डात सगळ्यांना जेवायला घालायचा. त्या वर्षी त्याने जहाज कंपनीच्या साहेबालाही बोलावलं आणि आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाशेजारी, तांदळाच्या व्यापाऱ्याशेजारी, मानाने बसवलं. मी म्हटलं, “भाऊ, त्याला तिथं नको बसवू.” तो हसला. “तू गाडी हाक रे! आपण माल दिला न्हाय तर याची जहाजं रिकामी जातील.” खाडीवरचा वारा अगदी पडला होता; समोरच्या पंगतीत मला साहेबाचं बोलणं ऐकू येत होतं. साहेब ताटाला हात लावत नव्हता. त्याने व्यापाऱ्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि हळूच म्हणाला, “शेठ, मध्ये कुणी कशाला? तुमच्या गोदामातून आम्हीच थेट उचलू, भावही कमी लावू.” व्यापाऱ्याने पान जपून खिशात घातलं. तेवढ्यात भाऊ त्याच साहेबासाठी श्रीखंडाची वाटी भरून घेऊन आला. व्यापारी भाऊकडे बघेना. पुढच्या दसऱ्याला त्या यार्डात पंगत बसली नाही. आज माझ्या पोराने दारात ट्रेलर धुऊन हार घातलाय. गाडीवर त्याच जहाज कंपनीचं नाव आहे. नारळ फोडायला मला कधीपासून हाका मारतोय. फोडू दे त्यालाच. मी ओट्यावरून उठणार नाही.